चेहरा धुवा म्हणणं सोपं आहे

डोळ्यात साधं कुसळ गेलं तरी आपण किती कासावीस होतो. चोळतो, पाणी मारतो, कुणाला तरी रुमालाच्या टोकाने काढायला लावतो आणि ते निघालं की हुश्श करतो. आता समजा ते कुसळ निघतच नाही, कारण ते बाहेरून आलेलंच नाही, आपल्याच पापणीचा केस आत वळलाय आणि पापणी मिटली की तो बुबुळावर घासतोय, दिवसातून हजारो वेळा, रोज, वर्षानुवर्षं. इथिओपियाच्या अम्हारा प्रांतात अशा बायका आहेत ज्या गळ्यात दोऱ्याला एक छोटा चिमटा बांधून फिरतात. घरच्या घरी पत्रा वाकवून केलेला. डोळा फारच टोचायला लागला की कुणातरी मुलीला नाहीतर शेजारणीला समोर बसवायचं आणि केस उपटून घ्यायचे. चार दिवस बरं वाटतं. मग केस परत उगवतो, आणि नवीन उगवलेला केस आखूड आणि ताठ असतो त्यामुळे तो आणखी टोचतो. ऊन सहन होत नाही, चुलीचा धूर सहन होत नाही, म्हणजे ज्या दोन गोष्टींशिवाय तिचा दिवसच होत नाही नेमक्या त्याच. शेवटी बुबुळावर फूल पडतं आणि नजर जाते.

हा ट्रॅकोमा. मराठीत याला खुपऱ्या म्हणतात, आणि शब्दातच सगळं आलं. नव्या पिढीला हा शब्द माहीत नसेल आणि माहीत नसणं ही चांगलीच गोष्ट आहे म्हणा. पण जगात अजून साधारण १० कोटी लोक अशा भागात राहतात जिथे हा रोग आहे आणि जवळपास १९ लाख लोकांची नजर याच्यामुळे गेलीय किंवा अधू झालीय. इन्फेक्शनमुळे आंधळेपण येण्याच्या कारणांत हा पहिल्या नंबरवर आहे आणि त्यातलं सगळ्यात मोठं ओझं एकट्या इथिओपियावर आहे.

मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. या रोगाविरुद्धची मोहीम खरंच मोठी आहे आणि तिने खूप काही केलंय, २००२ साली धोक्यातल्या भागात १५० कोटी लोक होते ते १० कोटींवर आले, हे काही सोपं काम नाही. पण या मोहिमेत दोन ठिकाणी ओझं गुपचूप गावातल्या बाईच्या डोक्यावर सरकवलंय, एकदा ती तरुण आई असताना आणि एकदा ती म्हातारी झाल्यावर, आणि ते तिथून काढून ज्याचं त्याच्याकडे दिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

आधी रोग कसा होतो ते थोडक्यात, कारण त्याशिवाय भांडण कळणार नाही. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाचा बॅक्टेरिया. १९५० च्या दशकात बीजिंगमध्ये तांग फेइफान या शास्त्रज्ञाने तो कोंबडीच्या अंड्यात वाढवून वेगळा काढला, आणि हाच तो याची खात्री पटावी म्हणून सरळ स्वतःच्या डोळ्यात घातला, अशीही माणसं असतात. हा बॅक्टेरिया लहान मुलांच्या डोळ्यातल्या चिपडातून आणि नाकातल्या शेंबडातून पसरतो. एका अंथरुणात चार भावंडं झोपतात, आई एकाच फडक्याने सगळ्यांची तोंडं पुसते, मुलं डोळे चोळतात आणि त्याच हाताने धाकट्याला उचलतात. वर माश्या आहेतच. या कामातली मुख्य माशी मस्का सॉर्बेन्स नावाची, ती आपली नेहमीची घरमाशी नाही, तिला उघड्यावर पडलेली माणसाची विष्ठा लागते अंडी घालायला आणि मुलांच्या डोळ्यातलं पाणी लागतं प्यायला. संडासाच्या खड्ड्यात ती वाढत नाही, त्यामुळे साधा खड्डा, वर फळी, आडोशाला कुडाची भिंत एवढा संडाससुद्धा तिच्यासाठी वाईट बातमी असतो.

एकदा इन्फेक्शन झालं म्हणून कोणी आंधळं होत नाही. ते बरं होतं, परत होतं, परत बरं होतं, असं लहानपणी शंभराहून जास्त वेळा झालं की मग वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला व्रण साठत जातात, असा अंदाज आहे. व्रण आकसतो, पापणी आत ओढली जाते आणि तिशी-चाळिशीत केस आत वळतात. म्हणजे रोग होतो मुलाला आणि आंधळेपण येतं आजीला. आजी म्हणायचं कारण हे बायकांना पुरुषांपेक्षा जवळपास दुप्पट होतं, कारण उघड आहे, आधी ती मूल असताना आजारी पडते आणि मग आई, मावशी, आजी म्हणून जन्मभर आजारी मुलांनाच सांभाळत बसते.

याच्यावर जागतिक आरोग्य संघटनेने जी पद्धत ठरवलीय तिचं नाव सेफ. चार इंग्रजी अक्षरं. एस म्हणजे सर्जरी, ए म्हणजे अँटिबायोटिक, एफ म्हणजे फेस, चेहरा स्वच्छ ठेवणं, आणि ई म्हणजे एन्व्हायर्न्मेंट, पाणी आणि संडास. नाव छान आहे, लक्षात राहतं. पण ही चार अक्षरं जरा शेजारी ठेवून बघा की कोणाचं काम कोणतं. सर्जरी करणार सरकारी दवाखाना. अँटिबायोटिक येतं फायझर कंपनीकडून, १९९८ पासून फुकट, आजवर १०० कोटींच्या घरात डोस. पाणी आणि संडास हे सरकारचं, पंचायतीचं, इंजिनिअर लोकांचं, बजेटचं काम. आणि चेहरा? चेहरा आईने धुवायचा. चारातलं हे एकच अक्षर असं आहे की ज्याला कुठल्या बजेटमधून पाइप टाकावा लागत नाही, एक पोस्टर छापलं की काम झालं. पोस्टरवर एक घाणेरड्या चेहऱ्याचं मूल, त्याच्यावर फुली, शेजारी स्वच्छ चेहऱ्याचं हसरं मूल. झालं, एफ पूर्ण.

आता त्या पोस्टरसमोर उभ्या असलेल्या बाईचा हिशोब करू. पाणी आणायला जाऊन यायला तास-दीड तास लागतो असं धरू, डोंगराळ भागात हे काही फार नाही. २० लिटरचा पिवळा कॅन, भरला की २० किलो, पाठीवर दोरीने बांधून चढ चढायचा. दिवसातून दोन खेपा झाल्या तर ४० लिटर पाणी. घरात सहा माणसं म्हणजे माणशी सात लिटरसुद्धा नाही. भूकंप-पुरानंतरच्या छावणीत माणसाला दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळावं असा आंतरराष्ट्रीय निकष आहे, म्हणजे या बाईचं घर कुठलीही आपत्ती न येता रोजच आपत्तीत आहे. त्या ४० लिटरमध्ये पिणं, स्वयंपाक, भांडी, कोंबड्या, बांधलेलं वासरू, आणि घरातल्या पुरुषांचे हातपाय. मुलाचं तोंड या यादीत कितव्या नंबरवर येईल सांगा. आणि आलं तरी एकदा येईल, सकाळी. पहाटे थंडी मरणाची, पाणी गार, मूल रडतं. अर्ध्या तासाने ते मूल मातीत खेळायला जातं आणि तासाभरात चेहरा होता तसा.

तोंड धुवायला पाणी फार लागत नाही हे खरं आहे, ओंजळभर पुरतं. डब्याला खाली भोक पाडून दोरीने टांगायचा आणि थेंब थेंब पाण्यात तोंड धुवायचं, अशा युक्त्या आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी शिकवल्यात आणि त्या चालतातही. मी त्यांना नावं ठेवत नाहीये. पण युक्ती म्हणजे पाणी नव्हे. माणशी सात लिटरवाल्या घराला युक्ती शिकवायची आणि मग सर्वेमध्ये 'चेहरा अस्वच्छ' अशी टिक करून अहवालात लिहायचं की 'वर्तनबदल अपुरा', हे मला पटत नाही. वर्तन कोणाचं अपुरं आहे? गेली २० वर्षं पाइपलाइन न टाकणाऱ्याचं का मुलाचं तोंड न पुसणारीचं?

इथे एक अडचण आहे आणि ती लपवून पुढे जाणं बरोबर नाही, कारण माझ्या बाजूच्या लोकांना ती आवडत नाही. अम्हारातच, वाग हेमरा नावाच्या कोरड्या डोंगराळ भागात एक मोठी ट्रायल झाली, ४० गावं, अर्ध्या गावांत पाण्याची सोय केली, घरोघरी तोंड धुवायची जागा, साबण, शाळेत धडे, संडासासाठी प्रचार, सगळं. उरलेल्या गावांत हे नंतर करायचं ठरलं. तीन वर्षं लहान मुलांच्या डोळ्यातले नमुने घेऊन बॅक्टेरिया तपासला. २०२२ साली निकाल छापून आला, आणि निकाल असा की काही फरक नाही. दोन्हीकडे इन्फेक्शन सारखंच वाढलं, कारण ट्रायलच्या काळात अँटिबायोटिकच्या गोळ्या बंद होत्या. पाणी-साबणवाली गावं आणि नुसती गावं, सारखीच.

यावरून लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो बघा, पाणी-बिणी सब झूठ, गोळ्या द्या आणि मोकळे व्हा. दुसरा तट ट्रायलचं नावच काढत नाही, काढलं तर म्हणतो अंमलबजावणी नीट झाली नसेल. मला दोन्ही चुकीचे वाटतात. ट्रायल चांगली होती, निकाल मान्य करायला हवा. पण निकाल नेमका कशाचा आहे ते तरी बघा. गावात एक पाण्याची जागा, घराबाहेर एक टांगलेला डबा, साबणाची वडी आणि आठवड्याला समजवायला येणारी बाई, एवढ्यावर तीन वर्षांत रोग हटत नाही, असा तो निकाल आहे. म्हणजे खरं तर तो पोस्टरच्याच विरुद्धचा पुरावा आहे! आईला समजावून, साबण देऊन, थोडं पाणी जवळ आणूनही जर काही होत नसेल तर दोष आईच्या अडाणीपणात नव्हता हे सिद्ध झालं. एवढ्या तेवढ्या पाण्याने भागत नाही असा त्याचा अर्थ मी लावतो, पाणी लागतच नाही असा नाही.

कारण दुसरीकडचा इतिहास नजरेआड करता येत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप या रोगाने भरलेला होता, इजिप्तच्या मोहिमेवरून परतलेले सैनिक तो घेऊन आले असं तेव्हा मानत आणि त्याला इजिप्तची डोळे येण्याची साथ म्हणत. लंडनचं प्रसिद्ध मूरफील्ड्स हे डोळ्यांचं हॉस्पिटल १८०५ मध्ये निघालं ते याच काळात. अमेरिकेत जहाजाने येणाऱ्या लोकांची एलिस आयलंडवर पापणी उलटी करून तपासणी व्हायची, बुटाची बटणं लावायच्या हुकाने, आणि खुपऱ्या सापडल्या तर माणूस परत पाठवायचे. बायको आत, नवरा परत, असंही झालंय. तिथून हा रोग गेला तो कुठल्याही पोस्टरने गेला नाही आणि बराचसा अँटिबायोटिक यायच्या आधीच गेला. घरात नळ आला, खोलीत झोपणारी माणसं कमी झाली, कपडे-टॉवेल वेगळे झाले, मुलं शाळेत गेली. गांबियामध्ये तर हे गेल्या साठ-सत्तर वर्षांतलंच उदाहरण आहे, १९५९ साली तिथल्या गावांत तपासलं तेव्हा लहान मुलांत १०० पैकी ६५ जणांना हा रोग होता, ३७ वर्षांनी परत तपासलं तर ४ पण नाहीत, आणि मधल्या काळात खुपऱ्यांसाठी म्हणून खास कोणी काही केलेलं नव्हतं. पाणी सुधारलं, संडास आले, शाळा आली, दवाखाना आला.

म्हणून माझं म्हणणं असं की पाणी आणि संडास डोळ्याचं औषध म्हणून मागूच नका. औषध म्हणून मागितलं की ट्रायल होणार, तीन वर्षांत आकडा हलला नाही की फंडिंग जाणार. पाणी पाणी म्हणून मागा. त्या बाईच्या पाठीवरचे २० किलो उतरावेत एवढं कारण पुरेसं आहे, डोळे बरे झाले तर तो वरचा फायदा. संडासाच्या बाबतीत तर तिथल्या बायकांनी हे स्वतःच दाखवून दिलंय. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटर या संस्थेने अम्हारात संडास बांधायचं काम सुरू केलं तेव्हा जेवढं टार्गेट होतं त्याच्या कितीतरी पट संडास लोकांनी बांधून टाकले, आणि जोर लावणाऱ्या बहुतेक बायका होत्या, माश्यांचं शास्त्र ऐकून नाही तर दिवसभर अंधार पडायची वाट बघत कळ दाबून बसावं लागायचं म्हणून. कार्टर नंतर यावरून स्वतःचीच चेष्टा करायचे म्हणतात.

आता गोळ्यांचं. गोळ्यांना मी विरोध करत नाहीये, उलट माझं म्हणणं आहे की जिथे रोग हटत नाही तिथे त्या कमी पडतायत. पद्धत अशी आहे की १ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये १० टक्क्यांच्या वर रोग दिसला की अख्ख्या जिल्ह्याला वर्षातून एकदा अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक द्यायचं, तीन वर्षं, रोग फारच जास्त असेल तर पाच वर्षं, मग परत सर्वे. वजनकाटे न्यायला नकोत म्हणून उंचीची खुणा केलेली काठी असते, माणूस काठीला पाठ लावून उभा राहतो, खूण बघायची आणि तेवढ्या गोळ्या हातावर ठेवायच्या, लहान मुलांना सिरप, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना डोळ्यात लावायचं मलम. फार हुशार काठी आहे ती. अम्हारात तर मलेरिया आणि ट्रॅकोमा एकत्र करून 'मॉलट्रा' नावाचे आठवडे घेतले, एका आठवड्यात लाखोंनी माणसं उरकायची. हे करणं म्हणजे खायचं काम नाही.

पण २००५-०६ च्या सर्वेत अम्हारातल्या मुलांमध्ये रोग होता ६२ टक्क्यांच्या वर. एवढ्या वणव्यावर वर्षातून एक बादली टाकली तर काय होणार, दोन-तीन महिने विझल्यासारखं वाटतं आणि मग राहिलेल्या निखाऱ्यावरून परत पेटतं. काही जिल्ह्यांत दहा-दहा वर्षं गोळ्या वाटून झाल्या तरी आकडा ५ टक्क्यांच्या खाली यायला तयार नाही, आणि ५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय निर्मूलन म्हणता येत नाही. त्यात २०२० मध्ये कोविड आला, वाटप थांबलं, पाठोपाठ उत्तर इथिओपियात युद्ध पेटलं, दवाखाने लुटले गेले, माणसं घरंदारं सोडून पळाली. रोगाला आणखी काय पाहिजे.

आणि गंमत म्हणजे उपाय तिथेच सापडलेला आहे. अम्हारातल्याच एका ट्रायलमध्ये फक्त १ ते १० वर्षांच्या मुलांना दर तीन महिन्यांनी डोस दिला. वर्षभरात त्यांच्यातलं इन्फेक्शन ४८ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं, आणि ज्यांना गोळी दिलीच नव्हती त्या मोठ्या माणसांमधलंही जवळपास निम्म्याने कमी झालं. म्हणजे बॅक्टेरियाचं घर मुलांत आहे, तिथे वरचेवर धक्का दिला की बाकीचं घर आपोआप सुधारतं. हे २००९ साली छापून आलंय! मग सरसकट सगळ्यांना वर्षातून एकदा हाच नियम इतकी वर्षं घट्ट धरून का बसलो? उत्तर मला तरी असं दिसतं की सगळ्यांना एकदा हे मोजायला, वाटायला, फोटो काढायला सोपं. अलीकडे हट्टी जिल्ह्यांसाठी वर्षात एकापेक्षा जास्त फेऱ्या द्यायला सुरुवात झालीय, चांगलं आहे, पण फार उशीर झाला.

यावर रेझिस्टन्सचा, म्हणजे बॅक्टेरिया औषधाला दाद देईनासे होण्याचा मुद्दा येतो आणि तो खरा आहे. असं वाटप झालेल्या गावांत मुलांच्या नाकातल्या न्यूमोकोकस या दुसऱ्या बॅक्टेरियामध्ये या औषधाला दाद न देण्याचं प्रमाण चांगलंच वाढलं, वाटप थांबल्यावर परत उतरलं. खुद्द क्लॅमिडियामध्ये मात्र तसं पक्कं काही दिसलेलं नाही. दुसऱ्या पारड्यात हे ठेवा की २०१८ साली नायजर, मलावी आणि टांझानियातली मोठी ट्रायल छापून आली, पाच वर्षांखालच्या मुलांना वर्षातून दोनदा हेच औषध दिलं तर मृत्यू सरासरी साडेतेरा टक्क्यांनी कमी झाले, नायजरमध्ये १८. डोळ्याची गोळी मुलं जगवतेय. म्हणून मी म्हणतो मोठ्या माणसांचे डोस कमी करा, मुलांचे वाढवा, ठरावीक हट्टी जिल्ह्यांतच, आणि नाकातले नमुने दरवर्षी तपासत राहा.

आता म्हाताऱ्या बाईकडे येऊ, मला खरा राग तिच्यावरून येतो.

गोळी, पाणी, साबण यातलं काहीही तिच्या उपयोगाचं नाही. तिची पापणी वळलेली आहे, ती सर्जरीनेच सरळ होणार. सर्जरी मोठी नाही, पापणीत भुलीचं इंजेक्शन, आडवा छेद, पापणीची कड बाहेरच्या बाजूला वळवून टाके, एका डोळ्याला वीस-पंचवीस मिनिटं. इथिओपियात हे काम डोळ्यांचे सर्जन करत नाहीत, ते देशात आहेतच किती, त्यासाठी ट्रेनिंग दिलेले नर्सच करतात, हेल्थ सेंटरच्या खोलीत, कधी कधी शाळेच्या वर्गात बाकं जोडून. जगभरात २०२३ साली अशा १ लाख ३० हजारांच्या आसपास सर्जरी झाल्या. ज्यांना गरज आहे ते १५ लाखांच्या घरात.

पण संख्येपेक्षा मला खटकते ती पुढची गोष्ट. सर्जरी झालेल्या बऱ्याच जणांचे केस परत आत वळतात. २०१६ साली इथिओपियातच १००० रुग्णांवर दोन पद्धती ताडून बघितल्या, एकीत वर्षाच्या आत २२ टक्के लोकांना परत त्रास, दुसरीत १३. म्हणजे चांगल्या पद्धतीतही आठातल्या एकीला परत तेच, आणि हे नजर ठेवलेल्या, निवडक हातांच्या ट्रायलमध्ये. कॅम्पमध्ये, घाईत, दिवसाला किती झाल्या यावर शाबासकी मिळत असताना काय होत असेल याचा अंदाज करा. एकदा फसलेली सर्जरी गावात दहा जणींना घाबरवते, त्याला कुठला प्रचार पुरा पडणार? तिच्या गळ्यातला चिमटा मग मूर्खपणा राहत नाही, तिच्या हिशोबात तो जास्त भरवशाचा आहे. गंमत नाही करत, केस थोडेच वळलेले असतील तर नीट शिकवून, चांगला चिमटा देऊन उपटणं हाही चालण्यासारखा उपाय आहे असं अम्हारातल्याच अभ्यासातून दिसलंय.

आणि आता निकष. एखाद्या देशात हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपला असं जाहीर करायला मुलांचा ५ टक्क्यांचा आकडा लागतो आणि मोठ्यांमध्ये वळलेल्या पापण्यांचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या खाली लागतं. पण कुठल्या वळलेल्या पापण्या? ज्या 'आरोग्य यंत्रणेला माहीत नाहीत' त्या. ज्या बाईला सर्जरीला विचारलं आणि ती नाही म्हणाली, ती माहीत आहे, म्हणून मोजायची नाही. जिची सर्जरी होऊन केस परत वळले, तीही माहीत आहे, मोजायची नाही. जिला तारीख दिलीय आणि ती अजून आलेली नाही, तीही नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. यामागचा विचार मला कळतो, यंत्रणा पोचली का नाही हे मोजायचंय, सगळ्यांनी होकार दिलाच पाहिजे अशी सक्ती कोणावर करता येत नाही, आणि चार जणींच्या नकारामुळे अख्ख्या देशाचं सर्टिफिकेट अडवू नये. ठीक. पण याचा परिणाम असा की नकार आला की काम संपतं. उलट नकार नोंदवून घेणं हे सर्जरी करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि दोन्हीने आकडा सारखाच खाली येतो! म्हणजे तरुणपणी तिने तोंड धुतलं नाही हा तिचा दोष, म्हातारपणी तिने सर्जरी करून घेतली नाही हाही तिचाच दोष.

आपल्याकडेही बघा. भारताने खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम १९६३ मध्ये सुरू केला, १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रणाच्या कार्यक्रमात मिसळला, २०१४ ते २०१७ च्या सर्वेत मुलांमध्ये रोग १ टक्क्याच्याही खाली आला आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं सर्टिफिकेट मिळालं, नेपाळ आणि म्यानमारनंतर या विभागात तिसरे. अभिमानाची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण सर्टिफिकेटने कोणाची पापणी सरळ होत नाही, ज्यांच्या पापण्या लहानपणच्या इन्फेक्शनने आधीच वळल्यात त्या आजीबाई अजून २०-३० वर्षं असणार आहेत, आणि बातमी येऊन गेल्यावर त्यांच्या नावाची यादी कोण सांभाळणार हे कुठल्याच बातमीत नव्हतं.

इथिओपियाकडे एक गोष्ट फार चांगली आहे, २००३ पासून गावोगावी नेमलेल्या आरोग्य सेविका. हजारोंनी आहेत, बहुतेक त्याच भागातल्या मुली, सरकारी पगारावर, आणि त्यांना प्रत्येक घर माहीत असतं. माझी मागणी एवढीच की 'नकार' हा रकाना बंद करण्याऐवजी तिथे तारीख लिहायची, आणि त्या तारखेला सेविकेने परत जायचं. सर्जरीनंतर सहा महिन्यांनीही जायचं, पापणी वर करून बघायचं, आणि परत वळलेले केस ज्याने सर्जरी केली त्याच्या नावापुढे लिहायचे. निर्मूलनाच्या कागदपत्रांत नकार आणि परत वळलेले केस हे दोन्ही आकडे वेगळे छापायचे, न लपवता. बायका सर्जरीला का येत नाहीत हे विचारलंय लोकांनी, उत्तरं काही गूढ नाहीत. सोबत यायला कोणी नाही. जायला-यायला पैसे नाहीत. डोळ्यावर पट्टी बांधून घरी आल्यावर चार दिवस धुरात जायचं नाही म्हणतात, मग चूल कोण पेटवणार? भीती असते, पण ती एकटी नसते, तिच्याबरोबर हे सगळं असतं. कापणीच्या दिवसांत विचारलं तर कोणीही नाहीच म्हणेल. कापणी झाल्यावर परत जा, बसचं भाडं घेऊन जा, आणि तिची सून घरात आहे का ते आधी विचारा.